चोपन्न रॅट मागितले होते

फॉर्म ‘बी’ नावाचा एक अर्ज असतो. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो हा विषय, घेऊन एम.फार्म. करणाऱ्याला प्रयोगासाठी प्राणी हवे असतील तर तो भरावाच लागतो. कुठला प्राणी, नर की मादी, वय किती, वजन किती, किती दिवस ठेवणार, काय टोचणार, वेदना होणार का, झाल्या तर काय करणार आणि शेवटी त्याला मरण कसं देणार, हे सगळं त्यात लिहायचं असतं. कराडजवळच्या एका कॉलेजात मी एम.फार्म. केलं. या एका अर्जानं माझा प्रबंध उलटापालटा केला, आणि तो झाला हे फार बरं झालं असं मला आजही मनापासून वाटतं.

आमच्या विभागातल्या बहुतेक प्रबंधांचा साचा ठरलेला होता. एक वनस्पती घ्यायची, तिचे अर्क काढायचे आणि रॅटना मधुमेह करून साखर उतरते का बघायचं. माझ्या वाट्याला गुडमार आली होती. आमच्याकडे तिला बेडकीचा पाला म्हणतात; पान चघळलं की थोडा वेळ साखर मातीसारखी लागते. तीन अर्क, प्रत्येकाच्या दोन मात्रा, म्हणजे सहा गट. शिवाय एक निरोगी गट, एक मधुमेह असलेला पण औषध न दिलेला आणि एक मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या नेहमीच्या औषधाचा. नऊ गट, प्रत्येकात सहा रॅट. नऊ सक चोपन्न. अर्जात मी विस्टार जातीचे, प्रयोगशाळेतले पांढरे, चोपन्न रॅट मागितले.

हा अर्ज जातो संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीपुढे. तिच्यामागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर खासगी विधेयक आणलं, त्याच्यातून पुढे सरकारनं हा कायदा केला. त्याच्या चौथ्या प्रकरणात प्रयोगांबद्दल लिहिलंय. ते मी अर्ज भरता भरता पहिल्यांदा नीट वाचलं आणि थक्क झाले. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये. शस्त्रक्रिया असेल तर भूल द्यावी. इतकी इजा झाली की शुद्धीवर आल्यावर फार यातना होतील, तर तो बेशुद्ध असतानाच त्याला मरण द्यावं. आणि निव्वळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नये. साठीतल्या सरकारी कायद्यात इतकी बारीक जाण असेल असं वाटलं नव्हतं. कायद्यानुसार प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी केंद्रात एक समिती असते, सीपीसीएसईए, आता तिला सीसीएसईए म्हणतात. १९९८ च्या नियमांनंतर प्रत्येक संस्थेत तिची स्थानिक समिती आली. कुत्रा, घोडा असे मोठे प्राणी हवे असतील तर प्रकरण केंद्राकडे जातं, रॅट आणि सशांचा निर्णय स्थानिक समिती घेते.

आमच्या समितीत आठ जण होते. संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्य, अ‍ॅनिमल हाऊसचे प्रमुख, आणि केंद्रानं नेमलेले बाहेरचे तिघे. त्या तिघांत एक मुख्य प्रतिनिधी, एक बाहेरच्या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि एक विज्ञानाबाहेरच्या, समाजातल्या सदस्य. या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. केंद्राचा प्रतिनिधी हजर असल्याशिवाय बैठक होत नाही, त्यामुळे तारीख दोनदा पुढे गेली आणि आमच्या वर्गात कुरकुर सुरू झाली. वर्षभरात प्रबंध द्यायचा, आणि इथे परवानगीलाच पावसाळा संपतोय, अशी ती कुरकुर होती. बैठकीला बसल्यावर मात्र कळलं की बाहेरचा माणूस तिथे का हवा. घरचे सगळे एकमेकांचे प्रबंध बघत आलेले असतात, त्यांना त्यात प्रश्न दिसतच नाहीत.

पहिला प्रश्न प्रतिनिधींचा होता. “गुडमार देऊन मधुमेही रॅटची साखर उतरते, हे आजवर कितीदा दाखवून झालंय, तुम्ही शोधलंत का?” मी शोधलं होतं, ढिगानं निबंध होते, आणि ते संदर्भ म्हणून मी अर्जाला जोडलेही होते. ते म्हणाले, “मग हे सगळं आधीच ठाऊक असताना चोपन्न प्राणी कशासाठी?”

दुसरा प्रश्न बाहेरच्या शास्त्रज्ञांचा. “गटात सहाच का?” सगळे सहाच घेतात, हे त्याचं खरं उत्तर होतं आणि तेच मी दिलं. त्यांनी फळ्यावर एक साधं सूत्र लिहिलं. एकूण प्राण्यांच्या संख्येतून गटांची संख्या वजा करायची. उत्तर दहाच्या खाली आलं तर प्राणी कमी पडतात, निष्कर्ष भरवशाचा राहत नाही. विसाच्या वर गेलं तर जादा प्राणी मारून हाती फारसं काही लागत नाही. माझ्या चोपन्नातून नऊ गेले, पंचेचाळीस उरले. फळ्यावरचा तो आकडा बघून कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

तिसरा प्रश्न शिक्षिका बाईंचा, आणि तो सगळ्यांत अवघड. “रॅटला त्रास होतोय हे तुला कसं कळणार, बाळा? तो तर ओरडत नाही.” अर्जात मी ‘वेदना: सौम्य’ असं लिहिलं होतं. सौम्य कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, दिवसातून कितीदा बघणार, काय दिसलं की थांबणार, आणि थांबायचा निर्णय कुणाचा, हे बाई एकेक विचारत गेल्या. त्यांना फार्माकॉलॉजीतलं काही येत नव्हतं. पण आजारी मूल न बोलता कसं बसतं हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं, आणि त्या बैठकीत त्या रॅटच्या बाजूनं बोलत होत्या.

अर्ज परत आला. वर्गातल्या काहींनी सांगितलं की दोन ओळी बदल, गटात पाच कर, पुढच्या बैठकीत पास होईल. माझ्या गाईड मॅडम मात्र म्हणाल्या, मूळ प्रश्नच नव्यानं शोधू.

तो प्रश्न मला गावात सापडला. आमच्या भागात मधुमेहाच्या गोळ्या घेणारी कितीतरी माणसं सोबत बेडकीच्या पाल्याची भुकटीही घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. माझी मोठी चुलतीही त्यातलीच. दोन्ही एकत्र घेतल्यावर साखर किती उतरते, प्रमाणाबाहेर उतरते का, हे विचारण्यासारखं होतं, आणि ते कळलं तर माणसांच्या कामाचं होतं. हा प्रश्न धरला तसे गट आपोआप गळाले. तिन्ही अर्कांची तुलना मी काचेच्या नळ्यांत केली. स्टार्च पचवणाऱ्या विकरांना कुठला अर्क जास्त अडवतो हे बघायला एकही प्राणी लागत नाही. त्यातला एकच पुढे नेला. उरले पाच गट: निरोगी, मधुमेही, मेटफॉर्मिन, गुडमार आणि दोन्ही एकत्र. प्रत्येकात पाच. पंचविसातून पाच गेले, वीस. मधुमेह करताना काही प्राणी दगावतात म्हणून चार जादा. एकोणतीस. विषारीपणाची वेगळी चाचणीही करावी लागली नाही, कारण आम्ही देणार होतो त्या मात्रेबद्दलची माहिती आधी छापून आलेली होती. नरच का, हाही खुलासा लिहिला: मधुमेह करणाऱ्या औषधाला माद्या कमी दाद देतात, त्यामुळे मात्रा वाढवावी लागली असती.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय की प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, चालत नसेल तर संख्या कमी करा, आणि जे वापराल त्यांचा त्रास कमी करा. परीक्षेला आम्ही हे तीन मुद्दे पाठ करतो. ते खरोखर राबवायला घेतले की जवळपास निम्मे प्राणी वाचतात आणि प्रबंधही सुधारतो, हे अर्ज परत आला नसता तर मला कळलंच नसतं.

बीएस्सी आणि बी.फार्म.च्या मुलांना याची झळ आता तितकी लागत नाही. माझ्या आधीच्या पिढीनं बेडूक कापले, गिनी पिगचं आतडं काढून त्यावर औषधांचे आलेख घेतले. आम्ही ते बहुतेक एक्सफार्म नावाच्या संगणक प्रणालीवर शिकलो, आणि आतडं लागलंच तर कोंबडीच्या दुकानातून आणलं. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी आपल्याकडे २०१४ पासून बंद आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर नव्या औषधाच्या परवानगीसाठीही प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना नियमांत जागा मिळाली. हे सगळं चांगलंच चाललंय. पण आतडं, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांचं एकमेकांशी काय चालतं हे अजून पेशींच्या ताटलीत पूर्ण उतरत नाही. तोवर रॅट लागणार, आणि लागणार असतील तर त्या प्रत्येकाचा हिशेब देता आला पाहिजे.

सुट्टीत घरी गेले की आजी विचारायची, “तिथं उंदरं मारतीस व्हय गं?” तिचा प्रश्न साधा होता. आमच्या उसात आणि भुईमुगात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडची आमिषं ठेवतात. किती मेले हे कुणी मोजत नाही. मग इथे एकेका रॅटसाठी आठ माणसं बैठक घेऊन का बसतात, असं भावानंही विचारलं. मी त्याला सांगितलं की शेतातला उंदीर आपल्या पोटासाठी येतो, पळू शकतो, बिळात जाऊ शकतो. हा रॅट आपण मागणी नोंदवली म्हणून जन्माला येतो, पिंजऱ्याबाहेरचं काही बघत नाही आणि आपण देऊ तेच खातो. त्याचं सगळं आयुष्य आपल्या हातात, म्हणून जबाबदारीही सगळी आपली. चुलत्यांना ऊस तोडताना घोणस चावली होती. प्रतिसर्पविषाच्या बाटल्या चढवल्या म्हणून ते आज आहेत. ते औषध घोड्यांच्या रक्तातून निघतं आणि त्याची ताकद उंदरांवर तपासतात. आमच्या घरावर त्या प्राण्यांचं ऋण आहे, असं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मग नीट वागव त्येंला.”

माणसावरच्या प्रयोगात संमतीपत्र असतं. रुग्ण ते वाचतो, विचारतो, नको म्हणू शकतो, मधूनही सोडू शकतो. ते बळही सगळीकडे सारखं नसतं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात, प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याआधी ती सशांवर तपासली होती. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना त्यांनी ती दिली. त्या लसीनं पुढे असंख्य जीव वाचवले, हाफकिन यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. तरी कोठडीतल्या माणसाच्या ‘हो’ला किती मोकळीक होती, हा विचार मनात येतोच. आज आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांना वेगळं संरक्षण आहे ते याच कारणानं. रॅटला तर ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. त्याच्या वतीनं ‘नाही’ म्हणायला समिती असते, म्हणून ती कडक असायला हवी.

सुधारलेला अर्ज मंजूर झाला. नोंदणीकृत पैदासकेंद्रातूनच प्राणी घ्यावे लागतात. ते पुण्याहून आले. आठवडाभर त्यांना वेगळं ठेवलं. तापमान, आर्द्रता, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, सगळ्याची नोंद. या दिवसांत काही टोचायचं नव्हतं, फक्त हाताची सवय करायची होती. अ‍ॅनिमल हाऊसमधल्या मामांनी शिकवलं की शेपटीला धरून उचलायचं नाही. खांद्यांमागून अलगद धरायचं आणि दुसऱ्या हाताचा आधार खालून द्यायचा. मामांनी फार्मसीचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण कुठला रॅट काल जेवला नाही हे त्यांना पिंजऱ्यातल्या तुसावरून कळायचं. नळीनं तोंडातून औषध कसं द्यायचं हे मी आधी रबरी रॅटवर, मग दुसऱ्या प्रयोगातल्या मृत प्राण्यांवर शिकले. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर प्राणी तिथेच जातो, म्हणून पशुवैद्य डॉक्टरांनी हात बघितल्याशिवाय जिवंत रॅटला नळी लावू दिली नाही.

मधुमेह करायचा दिवस सगळ्यांत काळजीचा. आधी निकोटिनामाइड, पंधरा मिनिटांनी थंड सायट्रेट बफरमध्ये ताजं विरघळवलेलं स्ट्रेप्टोझोटोसिन. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारतं, आणि मरताना त्या पेशी साठवलेलं इन्सुलिन एकदम सोडतात. त्यामुळे पहिल्या रात्री साखर वाढत नाही, उलट धोकादायक उतरते. त्या रात्री बाटल्यांत साध्या पाण्याऐवजी ग्लुकोजचं पाणी ठेवावं लागतं. पुष्कळ निबंधांत या ओळीचा पत्ता नसतो, आणि ‘इतके प्राणी दगावले’ एवढंच छापलेलं असतं. मी आणि माझी मैत्रीण आळीपाळीनं रात्रभर थांबलो. पहाटेपर्यंत सगळे हलत होते.

तीन दिवसांनी शेपटीच्या टोकातून एक थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर साखर बघितली. मधुमेह झालेले प्राणी पाणी खूप पितात आणि तितकंच लघवीवाटे घालवतात. तूस सकाळी बदललं तरी संध्याकाळी ओलं. नियमित वेळापत्रकात आठवड्यातून ठरावीक वेळा बदल होता, पण ओल्यात बसून पायांना फोड येतात म्हणून आम्ही रोज बदलायला लागलो. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक तक्ता केला होता: वजन, केसांची ठेवण, बसण्याची पद्धत, डोळे, हालचाल. रोज दोनदा प्रत्येक रॅटला गुण द्यायचे. वजन वीस टक्क्यांहून घटलं किंवा गुण ठरलेल्या रेषेपलीकडे गेले की तो प्राणी प्रयोगातून काढायचा आणि त्याला वेदनारहित मरण द्यायचं. निर्णय डॉक्टरांचा, माझा नाही. ही अट मला आधी अपमानकारक वाटली होती.

ती का हवी हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. औषध न दिलेल्या गटातला एक रॅट कोपऱ्यात पाठ वाकवून बसायला लागला. केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले. प्रयोग संपायला थोडेच दिवस उरले होते, गटात पाचच होते, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की थोडं थांबू, आज उद्या खाईल. ज्याचा प्रबंध अडलाय त्याच्या डोळ्यांना आशा फार दिसते. डॉक्टरांनी तक्ता बघितला, रॅट हातात घेतला, पोट चाचपलं आणि म्हणाले, “आता याला थांबवून ठेवणं म्हणजे याच्याकडून फुकट घेणं.” दुपारी त्याला भुलीच्या औषधाची जास्त मात्रा दिली. माझ्या हातातच त्याचा श्वास थांबला. मी खूप रडले, मामा बाजूला उभे होते. त्या गटात चार उरले, आणि आकडेमोड चौघांवरच केली. तो का वगळला हे प्रबंधात स्पष्ट लिहिलं.

शेवटच्या दिवशी बाकीच्यांना भूल देऊन रक्त घेतलं आणि शुद्धीवर येऊ न देता मरण दिलं. एका पिंजऱ्यातलं काम दुसऱ्याला दिसू नये म्हणून ते वेगळ्या खोलीत केलं. मला स्वादुपिंड हवं होतं. यकृत आणि मूत्रपिंडं ज्युनिअरच्या अभ्यासाला दिली. त्याचा स्वतंत्र निरोगी गट त्यामुळे वाचला. मृतदेह पिवळ्या पिशवीतून भस्मीकरणाला गेले. रजिस्टरमध्ये एकोणतीस नोंदी पूर्ण झाल्या: आला कधी, काय दिलं, गेला कधी, कसा.

निकाल असा निघाला की एकत्र गटात साखर मेटफॉर्मिनच्या गटापेक्षा जरा जास्त उतरली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. प्रमाणाबाहेर साखर उतरल्याचंही दिसलं नाही. रॅटवरचा एक छोटा अभ्यास माणसांना सल्ला द्यायला पुरत नाही, त्यामुळे चुलतीला मी एवढंच सांगितलं की भुकटी घेतेस हे डॉक्टरांना सांग. तिनं सांगितलं.

पण फरक न सापडलेला अभ्यास छापायला कुणी उत्सुक नसतं. मी पाठवलेला निबंध परत आला, पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते माझ्या नावासाठी नाही. न छापलेला प्रयोग कुणाला दिसत नाही. मग दुसऱ्या जिल्ह्यातला कुणीतरी तोच प्रश्न घेऊन नवे पंचवीस प्राणी मागतो, आणि तिथल्या समितीलाही आधीचं काही सापडत नाही म्हणून परवानगी मिळते. प्राण्यांची संख्या कमी करायची म्हणत असू तर विद्यापीठांनी प्रत्येक प्राणीप्रयोगाचे कच्चे आकडे, यश असो वा नसो, सगळ्यांना बघता येतील असे ठेवायला हवेत. फॉर्म ‘बी’ भरताना ते आधी तपासल्याचा दाखलाही जोडायला लावावा. यात खर्च जवळपास काही नाही.

माझे आकडे मी विभागाच्या संगणकावर ठेवून आलेय आणि ज्यानं मागितले त्याला पाठवतेय. मागच्या वर्षी सोलापूरच्या एका मुलाचा फोन आला. त्यालाही गुडमार आणि मेटफॉर्मिन एकत्र बघायचं होतं. मी सगळं पाठवलं, काचेच्या नळ्यांतल्या चाचण्यांसकट. नंतर त्यानं कळवलं की तो गट त्यानं अर्जातून काढला, आणि आता तो वेगळी वनस्पती घेऊन आधी पेशींवरच काम करतोय.